पडवीतला रुग्ण

महापालिकेच्या क्षयरोग कार्यक्रमात मी वस्त्यांवर फिरून काम करते आणि गोरेगावच्या आरे वसाहतीतले काही वारली पाडे माझ्याकडे आहेत. हे पाडे मुंबईच्या हद्दीत असले, तरी पावसाळ्यात तिथे शहराचा मागमूस राहत नाही. डांबरी रस्ता सोडला की पायवाट चिखलात बुडते, तारांवर झाड पडले की रात्र अंधारात जाते आणि बिबट्याच्या धास्तीने दिवेलागणीनंतर कोणी एकटे बाहेर पडत नाही. ज्याच्या घरात दुसरे माणूस नाही, त्याला आषाढ फार लांबतो.

माझा एक रुग्ण असाच एकटा होता. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. त्याच्या गोळ्या एकदाही चुकल्या नव्हत्या, दोन महिन्यांनंतरच्या थुंकी तपासणीत जंतूही आढळले नव्हते, पण वजन काही वाढत नव्हते. निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये खात्यात जमा होत होते. मात्र पैसे आले म्हणून एकट्या माणसाची चूल पेटतेच असे नाही, हे या कामात वारंवार दिसते.

त्या दिवशी पावसामुळे मला पाड्यावर पोहोचायला संध्याकाळ झाली. वीज गेलेली होती आणि त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. उपचार अर्धवट टाकून गावी निघून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे मनात तीच शंका आली. तेवढ्यात शेजारच्या मुलीने पलीकडच्या आजींच्या पडवीकडे बोट दाखवले. तिथे चुलीभोवती सात-आठ माणसे बसली होती आणि हा गृहस्थ ओढ्यात धरलेले खेकडे साफ करत, मुलांना वाघोबाची हकिगत सांगत होता.

ते पाहून बरे वाटण्याआधी मी पडवी नीट पाहून घेतली, ही सवयच आहे. ती तीन बाजूंनी उघडी होती. आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं, कोंदट खोलीत रोग पसरतो, ताटावाटीनं नाही. तो बरा होईस्तोवर त्याचं ताट त्याच्या अंगणात पोचवलं. थुंकी चांगली आली म्हणालात, मग इथं बोलावला." इतक्या नेमकेपणाने माझे बोलणे आमच्या बैठकांतही कोणी लक्षात ठेवत नाही.

व्यवस्था साधी होती. ज्याच्या घरी चूल पेटणार नाही त्याने इथे जेवायचे, पण काहीतरी घेऊन यायचे: कोणी सुकट, कोणी टाकळ्याची भाजी, कोणी कोरडे सरपण. माझा रुग्ण रेशनचा तांदूळ आणून देत असे. आजारी माणसाकडून तांदूळ कशाला घेता, असे मी विचारले. त्यावर, फुकट जेवला असता तर लाजेने चार दिवसांत यायचा बंद झाला असता, असे आजींचे उत्तर होते. मला ते पटले. मदत घेणाऱ्याची लाज हा आमच्या कामातला मोठा अडथळा आहे, आणि त्यावर कोणतेही परिपत्रक निघत नाही.

धुराबद्दल मात्र आमचा वाद झाला. ओले सरपण जळताना होणारा धूर त्याच्या फुप्फुसांना सोसणारा नव्हता, म्हणून चूल बाहेरच्या कडेला घ्या, असा माझा आग्रह होता. तिथे सर येते, हे त्यांचे म्हणणेही खरे होते. अखेर चूल जागेवरच राहिली आणि त्याची बसायची जागा वाऱ्याच्या बाजूला हलली.

सगळे एकत्र सापडले होते, म्हणून प्रत्येकाच्या खोकल्याची चौकशीही तिथेच उरकली. दवाखान्याचे नाव काढताच उठून जाणारे एक आजोबा कित्येक आठवडे खोकत होते. मंडळींनी चेष्टा करून करून त्यांना थुंकीची डबी घ्यायला लावली. त्यांच्या तपासणीत काही निघाले नाही.

पुढच्या खेपेला वजनकाटा मी थेट त्या पडवीतच नेला. रुग्णाचे वजन वाढले होते, आणि ते कोणाच्या घरच्या खेकड्यांमुळे, यावरून दोन घरांत बराच वेळ वाद चालला.