आट्यात अडकलेले मायक्रॉन

मंगळवार, रात्री

आज परत गिऱ्हाइकाचा तोच फोन. एम ६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टच्या, होलमध्ये बोल्ट टाइट जातोय, तुमचं कोटिंग जाड झालंय. एरवी मी टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून द्यायचो आणि विषय संपवायचो, पण आज कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमचं काम ॲनोडायझिंगचं, म्हणजे ॲसिडच्या टाकीत करंट देऊन ॲल्युमिनियमवर थर आणायचा. त्यात प्लेटिंगसारखं वरून काही बसतच नाही, जॉब, म्हणजे तो पार्ट, प्लसला असतो, टाकीतल्या पाण्याचा ऑक्सिजन ॲल्युमिनियमला भिडतो आणि त्या धातूचंच ऑक्साइड होतं, साधारण दोन भाग आत आणि एक भाग बाहेर. म्हणजे २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असला तरी बाहेर वाढ जेमतेम ७. पण आटा पडला ६० अंशाचा, बाजू तिरकी, त्यामुळे पिच डायमीटरला, म्हणजे आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेल्या व्यासाला, तीच वाढ चौपट लागते, झाले २८! थर बरोबरच होता, ड्रॉइंगमध्ये त्याला जागाच सोडली नव्हती. गिऱ्हाइकाच्या इंजिनियरला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, मेल करा.

मी भोसरीत मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे काय करायचं ते सगळं पाठ होतं, का करायचं ते कोणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. एप्रिल-मे आला की जॉबवर बोट फिरवलं तर पांढरी पावडर यायची, मग टाकीत बर्फाचे डबे सोडायचे. आता कळतं की टाकीतलं ॲसिड एकीकडे थर वाढू देतं आणि दुसरीकडे तोच थर खात असतं, दोन्ही एकाच वेळी. वीस-बावीस डिग्रीला हिशेब जमतो, त्यात करंटची गरमी वेगळीच, आणि टाकी तापली की खाणं पुढे जातं आणि वरचा थर भुसभुशीत होतो. हार्ड ॲनोडायझिंगवाले, म्हणजे जाड आणि कडक थर काढणारे, टाकी शून्याच्या आसपास नेतात ते याच्याचसाठी, टाकी गार ठेवणाऱ्या चिलरचं बिल बघून आधी मला वेडेपणा वाटायचा.

पण ते खाणं पूर्ण थांबवूनही चालत नाही हं! त्याच्यामुळेच तर छिद्रं राहतात. केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये हे दाखवलं, षटकोनी खोल्या, मधाच्या पोळ्यासारख्या, प्रत्येकीच्या मधोमध एक छिद्र, एका चौरस सेंटीमीटरमध्ये अब्जावधी. डाय, म्हणजे रंग, त्यात जाऊन बसतो. नंतर उकळत्या पाण्यात सोडलं की ऑक्साइड पाणी धरतं, फुगतं आणि तोंडं बंद, यालाच सीलिंग म्हणतात. म्हणून सीलिंग झालेला जॉब काळ्या डायमध्ये कितीही वेळ ठेवा, रंग धरणार नाही. मिस्त्री फक्त एवढंच म्हणायचे, "आधी रंग, मग गरम पाणी, उलटं केलंस तर घरी जा."

आता डोक्यात टायटॅनियम बसलंय. त्यात डायच नाही, व्होल्टेज वाढवलं की थर जाड होतो आणि थराच्या वरून आणि खालून परत येणारा उजेड एकमेकांत मिसळून रंग दिसतो. आमचा रेक्टिफायर, म्हणजे टाकीला डीसी करंट देणारं मशीन, २४ व्होल्टला थांबतो म्हणजे जांभळ्या-निळ्याच्या आसपासच, हिरव्याला शंभरच्या घरात जावं लागतं. गुरुवारी सुट्टी आहे, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, चक्कर मारून जास्त व्होल्टच्या पॉवर सप्लायचा भाव काढतो, घरी सांगितलेलं नाही अजून.