जिनोम मिळाला, नमुन्याची तारीख मिळेना

औषधांना दाद न देणारे टायफॉइडचे जीवाणू कुठून कुठे पसरले, हे त्यांच्या जिनोमवरून, म्हणजे संपूर्ण डीएनएवरून, शोधणं हा माझ्या पीएचडीचा विषय. या कामात पडणाऱ्यांना पहिल्यांदा एकच सांगते: सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, नमुने पाठवायच्या आधी त्यांच्या तारखा ताब्यात घ्या. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले जीवाणू पुन्हा वाढवणं, डीएनए काढणं, डेटा येणं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या कुप्यांवर मार्करने लॅब नंबर आणि गोठवल्याची तारीख लिहिलेली होती. रक्त घेतल्याची तारीख नव्हती, आणि या दोन्हींत कधीकधी काही महिन्यांचं अंतर पडतं. खरी तारीख केस पेपरवर, आणि केस पेपर रेकॉर्ड विभागात. तिथे पहिलं उत्तर मिळालं, "पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही, मॅडम." मला नाव नको, पत्ता नको, असं सांगितल्यावर लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, तर विभागप्रमुखांची सही आणा. सही आणली, तर एथिक्स कमिटीचं पत्र जोडा. पत्रात "नाव वगळून क्लिनिकल माहिती" देण्याची मंजुरी स्पष्ट होती, पण त्यात "तारीख" असं कुठे लिहिलंय, म्हणून फाइल परत. मग ज्यांच्या टेबलावर फाइल होती ते रजेवर गेले आणि त्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"एका तारखेसाठी एवढं काय?" असं तिथल्या साहेबांनी विचारलं होतं. टायफॉइडच्या जीवाणूचा जिनोम डीएनएच्या सुमारे ४८ लाख अक्षरांचा असतो आणि त्यात वर्षाला सरासरी एक अक्षरसुद्धा बदलत नाही. दोन जीवाणूंचा समान पूर्वज केव्हाचा, हे या संथ बदलांवरूनच काढतात. त्यामुळे तारखा चुकीच्या असल्या की सगळा हिशेब डळमळतो. २०१५ साली ६३ देशांतल्या १,८३२ जिनोमवरून 'एच५८' ही औषधांना दाद न देणारी टायफॉइडची शाखा दक्षिण आशियातून आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत गेल्याचं दिसलं, ते नमुन्यांपुढे देश आणि वर्ष होतं म्हणून.

जिनोम जमा करायच्या डेटाबेसच्या फॉर्ममध्ये तारखेच्या जागी "उपलब्ध नाही" लिहिता येतं, फॉर्म स्वीकारलाही जातो. तसं करून मोकळी हो, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो मानला नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

शेवटी गाडी हलली ती एका कोऱ्या तक्त्यामुळे. लॅब नंबर, नमुन्याची तारीख, तालुका, प्रवास असे चारच रकाने छापले. नावाचा रकानाच नाही, हे समोर दिसल्यावर साहेबांनी सही केली, आणि तिथल्या एका सहायकाने केस पेपर काढून स्वतः तक्ता भरून दिला. तुम्ही पहिल्याच दिवशी असा तक्ता घेऊन जा. एथिक्स कमिटीच्या अर्जातही हेच चार रकाने शब्दशः लिहा.

आमचे बहुतेक नमुने ४.३.१.२ या भारतात नेहमी सापडणाऱ्या शाखेत बसले, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे. शाखा नीट ओळखणं का महत्त्वाचं, त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून जो टायफॉइड पसरला, त्यात सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक निकामी करणारं सीटीएक्स-एम-१५ जनुक आहे. मुंबईतही सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद न देणारे जीवाणू सापडले, पण त्यांच्यात एसएचव्ही-१२ हे वेगळं जनुक निघालं आणि शाखाही वेगळी. म्हणजे ते सिंधमधून आलेले नव्हते. निव्वळ लॅबच्या रिपोर्टवर दोन्ही सारखेच दिसतात.

प्रवासाचा रकाना मात्र जवळजवळ कोराच परत आला, कारण केस पेपर लिहिताना कुणी विचारलंच नव्हतं. ब्रिटनमध्ये टायफॉइडच्या रुग्णाला तो कुठल्या देशातून आला हे विचारतात, आणि भारतातून परतलेल्या प्रवाशांच्या जिनोमवरून आपल्याकडच्या टायफॉइडबद्दल बरंच कळलं आहे. ही माहिती आपल्याच रुग्णालयांतून मिळायला हवी. आमच्या लॅबच्या ब्लड कल्चरच्या फॉर्मवर मी आता "गेल्या महिन्यातला प्रवास" हा रकाना छापून घेतला आहे. तो रिकामा आला की मी वॉर्डात फोन करून सिस्टरना विचारते.