पाइपच्या जोडातला आतल्या बाजूचा ताण मोजताना

एक्स-रे स्वच्छ आला की वेल्डिंगचा जोड पास, अशीच कामाची रीत असते. पण आमच्या 304एल या स्टेनलेस स्टीलच्या पाइपमधून क्लोराइड असलेलं गरम पाणी जाणार होतं. एल ग्रेडमध्ये कार्बन जास्तीत जास्त 0.03 टक्के, म्हणून वेल्डिंगच्या उष्णतेने कार्बाइड तयार होऊन धातू गंजण्याची काळजी कमी. क्लोराइडमुळे तडा जायला मात्र ओढीचा ताण पुरेसा असतो आणि तो एक्स-रेत दिसत नाही. वेल्डिंगनंतर धातूत उरलेला हा ताण, म्हणजे रेसिड्युअल स्ट्रेस, मोजायचं काम माझ्याकडे आलं.

स्टेनलेस तापल्यावर साध्या स्टीलच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच वाहून नेते. उष्णता जोडापाशीच कोंडते. थंड होताना वेल्ड घेरात आकसतो, कमरपट्टा आवळावा तशी भिंत आत खेचली जाते आणि वाकते. पातळ भिंतीत त्यामुळे जोडालगत पाइपच्या लांबीच्या दिशेने आतून ओढ आणि बाहेरून दाब बसतो. नुसतं बाहेरून मोजून समाधान मानणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. पाणी लागतं ते आतून.

आत पोचायला चाचणीचा जोड कापावा लागला. कापताच काही ताण सुटतो, म्हणून आधी स्ट्रेन गेज (धातूचं बारीक ताणणं-आकसणं मोजणारी पट्टी) चिकटवून सुटलेला भाग नोंदवला आणि तो नंतर हिशेबात मिळवला. मग होल ड्रिलिंग, म्हणजे बारीक भोक पाडून भोवतीचा धातू किती हलतो ते मोजायचं. पृष्ठभाग हातानेच, हलक्या पॉलिश पेपरने घासला, कारण ग्राइंडर स्वतःच ओढीचा ताण पेरतो. अॅसिटोनने पुसून रोझेट, म्हणजे भोकाभोवती वेगवेगळ्या दिशांनी मोजणाऱ्या गेजचा संच, चिकटवलं, तारा सोल्डर केल्या. साधं ड्रिल इथे चालत नाही, स्टेनलेस घासाघाशीने कडक होतं. हवेवर चालणारं अतिवेगवान टर्बाइन लागतं. भोक जेमतेम 2 मिलिमीटर रुंद. खोली कणाकणाने वाढवायची, दरवेळी थांबायचं, आकडे स्थिरावू द्यायचे आणि मगच लिहायचे. आतल्या बाजूला जोडालगत लांबीच्या दिशेचं रीडिंग प्रत्येक पायरीला उणे होत गेलं. भोकाने ओढ मोकळी होते, धातू आकसतो, म्हणून उणे.

हिशेब केला तर ताण 170 मेगापास्कलच्या वर. 304एलची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) तेवढीच ना, असं साइटवर विचारलं गेलं. तो मानकातला किमान आकडा. जोडालगतचा धातू वेल्डिंगच्या ताणाताणीत कडक झालेला असतो. पण ताण तिथल्या खऱ्या यील्डच्या जवळ गेला की ही पद्धत आकडा फुगवते, हेही अहवालात स्पष्ट लिहिलं.

ताण पुरता घालवायचा तर 1040 अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड करावं लागतं. जोडलेल्या लाइनवर ते शक्य नव्हतं. म्हणून पुढच्या चाचणी जोडात रूट (वेल्डचा सर्वांत आतला पहिला थर) आणि त्यावरचा थर नेहमीसारखा, आर्गॉन पर्ज ठेवून, म्हणजे पाइपमध्ये आर्गॉन वायू भरून घेतला आणि उरलेले पास (वेल्डचे थर) पाइपमधून पाणी वाहतं ठेवून मारले. आतली भिंत गार राहते, बाहेरचे थर नंतर आकसतात आणि आतल्या बाजूला दाबतात. तो जोडही तसाच कापला, गेज लावले. या वेळी भोक खोल जाताना रीडिंग अधिक होत गेलं, म्हणजे आत दाब होता. लाइनवरच्या जोडांसाठी वेल्डिंगची प्रक्रिया त्यानुसार बदलून घेतली.