काका, बावीसच ठेवा

माझं काम मान खाली घालून करायचं आहे. बॅडमिंटनच्या स्पर्धा असतात तिथे मी गटिंगचं, म्हणजे रॅकेटीत तारा भरायचं, मशीन घेऊन जातो, हॉलच्या दारापाशी एक टेबल मिळवतो आणि दिवसभर रॅकेटी विणत बसतो. आधी उभ्या तारा, मग त्यांतून खालीवर काढत आडव्या. एका रॅकेटला दहा मीटर तार आणि अर्धा तास लागतो. तेवढा वेळ टेबलापलीकडे उभे असतात ते आईवडील, कारण मूल वॉर्मअपला गेलेलं असतं. त्यामुळे मॅच मी क्वचितच पाहतो. आईवडील मात्र अठरा वर्षं पाहतो आहे.

नागपूरला पंधरा वर्षांखालच्या मुलांची राज्य मानांकन स्पर्धा होती. ऑक्टोबरचा शेवट. पहिल्याच दिवशी सकाळी एक गृहस्थ दोन रॅकेटी घेऊन आले. तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. एका रॅकेटचं गटिंग वॉर्मअपमध्ये तुटलं होतं. दुसरीच्या डोक्यावर काळी टेप गुंडाळलेली होती.

"दादा, दोन्ही करा. पंचवीसवर. पाऊण तासात मॅच लागंल."

टेप काढून पाहिलं तर फ्रेमला आरपार चीर होती. चाळीसहून जास्त तारा, आणि प्रत्येकीला पंचवीस पाउंडांचा ताण. ती फ्रेम मशीनवरच मोडली असती. मी तसं सांगितलं. त्यांनी रॅकेट हातात घेतली, अंगठ्याने चीर दाबून पाहिली आणि पुन्हा टेप लावायला लागले.

"हिचं राहू द्या मग," ते म्हणाले. "पोरीला कळू देऊ नका फक्त. दुसरी हाय म्हटलं की ती मोकळी खेळती."

मी पहिली रॅकेट मशीनवर चढवली आणि पंचवीस लावले.

ते बोलत राहिले. तासगावहून सांगलीचा हॉल पंचवीसेक किलोमीटर. पहाटे साडेचारला मोटारसायकलवर मुलीला घेऊन निघायचं, सरावाला सोडायचं, तिथून शाळा, मग परत येऊन बाग. सांगलीहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला यायला जवळजवळ चोवीस तास लागतात. क्वालिफाइंग, म्हणजे आधीची पात्रता फेरी, खेळावी लागणार असेल तर एक दिवस आधी. कोणाची मॅच कोणाशी आणि कधी, तो ड्रॉ लागतो शेवटच्या दोन दिवसांत, तोवर तिकिटं संपलेली असतात. म्हणून हे महिनाभर आधीच परतीची दोन तिकिटं काढतात, एक हरल्यावरचं आणि एक जिंकत गेल्यावरचं. एक रद्द करायचं ठरलेलंच, त्याचे पैसे कापले जातात. किती मुलांच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये अशी दोन तिकिटं असतात, ते मला माहीत आहे. पहिल्या फेरीच्या आधीच हरल्याचं तिकीट काढून ठेवायचं आणि पोरीला 'तू जिंकणारच' म्हणायचं.

खिशातून त्यांनी छोटी वही काढली. खतं, औषधं, मजुरी लिहायची वही होती ती, शेवटच्या पानांवर हे. लॉज तीन दिवस, तीन हजार सहाशे. एंट्री फी. जेवण. गटिंग. शटलचं पान वेगळं. स्पर्धा पिसांच्या शटलवर होतात, म्हणून सरावही पिसांच्याच शटलवर हवा. एका शटलला सोळा पिसं, एका डब्यात बारा शटलं, बऱ्यापैकी डबा आता दोन हजारांच्या वर गेला आहे, आणि जोरात सराव करणारी दोन मुलं अर्धा डबा एका सत्रात उडवतात. अकॅडमीची फी सांगताना शटलचं कोणी बोलत नाही. ते पहिल्या महिन्याच्या शेवटी कळतं.

पण त्या वहीत एक खर्च नव्हताच. दहा मिनिटांत त्यांना भावाचे तीन फोन आले. छाटणी होऊन पंधरवडा झालेला, बाग पोंग्यात, म्हणजे कोवळे कोंब फुटत असलेली, आणि तिकडे पाऊस सुरू झालेला. डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची, भीती. "आज रातीच फवारणी घ्यायला पायजे, उद्या उशीर झाला," ते फोनवर सांगत होते, आणि भावाला बहुधा एकट्याने फवारणीचा ब्लोअर जमत नव्हता. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. त्या चार दिवसांत बाग गेली तर ती कोणत्या पानावर लिहायची?

2001 साली बॅडमिंटनची मानाची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकलेल्या पुलेला गोपीचंद यांनी 2025 च्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितलं, की घरात पैसा नसेल तर मुलांना खेळात घालू नका. त्यावर बरीच टीका झाली. माझ्या टेबलापाशी कोणी टीका केली नाही. एक आई एवढंच म्हणाली होती, "हे पाच वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं." मला मात्र ते वाक्य अजून सोसत नाही, कारण ते खरं असेल तर माझ्यासमोर उभे असलेले निम्मे लोक इथे असायलाच नकोत.

वडील मॅचच्या हजेरीला, रिपोर्टिंगला, गेले आणि मुलगी धावत आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली,

"काका, बावीसच ठेवा."

"बाबा पंचवीस म्हणाले. तू पंचवीसवरच खेळतेस ना?"

"पंचवीसचं लवकर तुटतं. गेल्या महिन्यात दोनदा तुटलं. बावीसचं टिकतं. बाबांना नका सांगू."

चौदा वर्षांची मुलगी. तिला तारेचा भाव माहीत होता. माझा हात थांबला. उभ्या तारा सगळ्या पंचवीसवर ओढून झाल्या होत्या, त्या सोडून परत करायला वेळ नव्हता. आणि तारा ढिल्या करून तिचा खेळ बदलावा असंही वाटेना. मी 'बरं' म्हणालो. खोटं बोललो. ती टेप लावलेल्या रॅकेटकडे एकदा पाहून निघून गेली. त्या चिरेबद्दल तिला सगळं माहीत होतं, हे मला तिच्या त्या पाहण्यावरून कळलं.

इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. टेबल शेजारच्या चहावाल्याच्या स्वाधीन करून दोन नंबरच्या कोर्टाजवळ जाऊन उभा राहिलो.

तिचा स्मॅश फार सुंदर होता. पहिल्या चारपाच रॅलींत दिसला. मागच्या रेषेवरून उडी न मारता, नुसत्या मनगटाच्या झटक्याने. एक शटल फ्रेमच्या कडेला लागलं आणि 'टक्' असा आवाज झाला. तिने लगेच रॅकेट डोळ्यांसमोर धरून तारा तपासल्या. त्यानंतर तिने स्मॅश मारला नाही. डोक्यावर आलेली सोपी शटलंसुद्धा ती ड्रॉपने नेटपाशी टाकत राहिली, आणि समोरची मुलगी ती उचलत राहिली. समोरच्या मुलीचे वडील मागून ओरडत होते, पंचांनी त्यांना दोनदा गप्प केलं. त्यांच्या मुलीच्या बॅगेत सहा रॅकेटी होत्या, पण सकाळी गटिंगला आले तेव्हा त्यांचेही हात थरथरत होते. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून ते मुलीबरोबर फिरताहेत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

आमच्या मुलीचे वडील ओरडत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते. प्रत्येक चुकीनंतर ती आधी त्यांच्याकडे पाहायची. ओरडणारे बाप मुलांना जड होतात असं मी अनेकदा ऐकलं आहे. गप्प बसलेला, चोवीस तास रेल्वेने आलेला चांगला बाप किती जड होऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

21-16, 21-18. ती हरली. अर्ध्या तासात संपलं.

वडील हॉलबाहेर जाऊन भावाशी बोलत होते, मग मोबाइलवर तिकिटं पाहत होते. लॉजवाल्याने तीन दिवसांचे पैसे आधीच घेतले होते. पोरीला त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला, डोक्यावर हात ठेवला, आणि एक शब्द बोलले नाहीत.

ती बॅग घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"काका, ते बावीस नव्हतं ना?"

"नाही. पंचवीस."

"मला आवाजावरूनच कळलं." थोडा वेळ तिने तारांवरून बोट फिरवलं. एकही तुटली नव्हती. "आणि तुटलं असतं तर?"

मी मशीनवरची पुढची रॅकेट सोडून दिली आणि तिला बसायला स्टूल दिलं. वडील आत येईपर्यंत ती तिथेच बसून होती. पैसे द्यायला त्यांनी वही आणि पाकीट दोन्ही काढलं. मी पैसे घेतले. त्या मशीनचे हप्ते याच पैशांतून जातात.