होमलॅबची नोंद: शेवटी २५५ आहे म्हणून तो ब्रॉडकास्ट ठरत नाही

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) पाडून झाले होते. आता त्या प्रत्येकाला आपापला सबनेट (ॲड्रेसचा वेगळा पट्टा) मिळाला आहे आणि सगळं सुरळीत चालू आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात मांडणी सांगतो. घर वेंगुर्ल्याजवळ. पुढच्या बाजूला पर्यटकांच्या खोल्या, मागे उतारावर हापूसची बाग आणि बागेत कॅमेरे. बागेपर्यंत केबल ओढलेली नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की लांब तांब्याच्या वायरीच्या टोकाची पोर्टं जळतात, म्हणून तिथे वायरलेस ब्रिज आहे.

हातात १९२.१६८.५०.० /२४ एवढा पट्टा होता, म्हणजे शेवटी ० ते २५५ असे २५६ ॲड्रेस. तिरक्या रेघेपुढचा आकडा म्हणजे मास्क: ॲड्रेसच्या ३२ बिटांपैकी डावीकडची किती नेटवर्कची ते तो सांगतो. तो जितका मोठा तितका पट्टा लहान. वाटणी करताना मोठा घास आधी, हा नियम पाळला. पाहुण्यांचे फोन, टीव्ही धरून साठेक ॲड्रेस लागतील म्हणून त्यांना /२६ दिला: ० पासून ६३ पर्यंत. घराला /२७, म्हणजे ६४ ते ९५. कॅमेऱ्यांना /२८, ९६ ते १११. ब्रिजच्या दोन टोकांना /३०, ११२ ते ११५. प्रत्येक पट्ट्यातला पहिला आकडा नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (पट्ट्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा) आणि मधले होस्टचे, म्हणजे एकेका यंत्राला द्यायचे. त्यामुळे वापरायला अनुक्रमे ६२, ३०, १४ आणि २ उरतात. ११६ पासून पुढचं सगळं मोकळं आहे. मोठे पट्टे आधी कापल्यामुळे मोकळी जागा एकसलग राहिली, याचं मला फार समाधान आहे.

हा कागद बघून पुतणीने विचारलं, "काका, शेवटाक २५५ आसा म्हणजे ब्रॉडकास्टच मां? मग हयसर ६३ कसो काय?" ती डिप्लोमा करते आणि तिचा प्रश्न रास्त होता. आपण घरोघरी /२४ च बघत आलो, त्यामुळे डोळ्यांना तीच सवय लागली आहे. तोंडी उत्तर देण्यापेक्षा तिच्यासमोर प्रयोगच मांडला. या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

लॅबच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये एक लिनक्स लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) जोडले. लॅपटॉपला १९२.१६८.८.१० /२४ दिला आणि १९२.१६८.८.२५५ ला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) केलं. लिनक्सने सरळ सांगितलं की हा ब्रॉडकास्ट आहे, ‘-बी’ पर्याय देऊन परत कर. तसं केल्यावर टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) फ्रेम ज्याला पाठवली तो मॅक ॲड्रेस (यंत्राचा हार्डवेअर क्रमांक) एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ दिसला, म्हणजे व्हीलॅनमधल्या सगळ्यांसाठी. मग लॅपटॉपचा आकडा तोच ठेवून मास्क /२२ केला आणि पायला चक्क १९२.१६८.८.२५५ /२२ देऊन टाकला. तेच पिंग परत केलं. या वेळी लॅपटॉपने आधी एआरपीने (आयपी ॲड्रेसवरून मॅक विचारायची पद्धत) ‘८.२५५ कोणाकडे आहे’ असं विचारलं, पायने आपला मॅक कळवला आणि शांतपणे उत्तरं येऊ लागली. पुढे पायला १९२.१६८.९.० दिला, तोही चालला. /२२ मध्ये ८.० हे नेटवर्क आणि ११.२५५ हा ब्रॉडकास्ट. मधले एक हजार बावीस ॲड्रेस सगळे होस्ट, मग शेवटी ० असो की २५५. पुतणीने स्वतःच्या हाताने मास्क मागेपुढे करून बघितलं तेव्हा कुठे तिला पटलं.

उताराच्या बागेत कलम कोणाच्या हिश्शाचं हे कलमाकडे बघून कळत नाही, गडगा कुठून गेलाय ते बघावं लागतं. मास्कचं काम तेच.

आता हिशेब. आयपी व्ही४ चा ॲड्रेस ३२ बिटांचा. मास्कमध्ये डावीकडून जिथवर १ आहेत तिथवर नेटवर्क, पुढच्या शून्यांखाली होस्ट. माझा एक कॅमेरा १९२.१६८.५०.१०० वर आहे. १०० म्हणजे ०११००१००. /२८ च्या मास्कचा शेवटचा भाग २४०, म्हणजे ११११००००. दोघांचं अँड केलं (दोन्हीकडे १ असेल तिथेच १) की ०११००००० उरतं, ते ९६: हे नेटवर्क. त्याच नेटवर्कच्या होस्ट बिटांत सगळीकडे १ भरले की ०११०११११, म्हणजे १११: हा ब्रॉडकास्ट. हाच १०० /२६ मध्ये टाकला तर नेटवर्क ६४ आणि ब्रॉडकास्ट १२७ येतो. घाईत मी २५६ मधून मास्कचा आकडा वजा करतो. २५६ वजा २४० म्हणजे १६, आणि पट्टे १६ च्या पटीत पडतात. पण नवीन असाल तर आधी बिटं मांडून बघा, नुसत्या वजाबाकीने कारण कळत नाही.

सबनेट पाडायची ही पद्धत १९८५ च्या आरएफसी ९५० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा दस्तऐवज) मध्ये मोगल आणि पोस्टेल यांनी प्रमाण म्हणून मांडली. तेव्हा ए, बी, सी असे ठरावीक मापाचे वर्ग होते. १९९३ मध्ये सीआयडीआर (हव्या त्या लांबीचा मास्क वापरायची पद्धत) आल्यावर वर्गांची सक्ती गेली. क्लास सी हा शब्द अजून कानावर पडतो, पण राउटर आज मास्कच बघतो.

दुसरा प्रयोग: कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये एका कॅमेऱ्याचा मास्क मुद्दाम /२४ केला, आकडा १०० च. त्याची वेळ इंटरनेटवरून व्यवस्थित जुळत राहिली, पण घरातल्या ७० नंबरच्या मशिनला तो दिसेना. टीसीपीडंप लावल्यावर कारण उघडं पडलं. ७० कडून निघालेलं पॅकेट राउटरमधून कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचत होतं. उत्तर देताना मात्र कॅमेऱ्याला वाटे की ७० माझ्याच पट्ट्यात आहे, म्हणून तो गेटवेकडे (राउटरकडे) न जाता एआरपीच्या हाका मारत बसे. त्या व्हीलॅनमध्ये ७० नाहीच, मग ओ देणार कोण? इंटरनेट चालतं पण शेजारचा सबनेट दिसत नाही अशी तक्रार आली की केबलला हात लावण्याआधी दोन्हीकडचे मास्क वाचा.

ब्रॉडकास्टला पिंग करून घरातली सगळी यंत्रं मोजता येतील असं कोणाला वाटत असेल तर तसं होत नाही. लिनक्स अशा पिंगला मुळात उत्तर देत नाही. याच सोयीचा गैरवापर करून पूर्वी स्मर्फ नावाचे हल्ले व्हायचे: दुसऱ्याच्या नावाने ब्रॉडकास्टला पिंग करायचं, म्हणजे सगळी उत्तरं त्याच्यावर जाऊन आदळतात. बाहेरून आलेलं सबनेट ब्रॉडकास्ट राउटरने आत सोडू नये, हा संकेतही १९९९ मध्ये त्यामुळेच ठरला.

पुढचं काम ब्रिजचं. दोन टोकांसाठी चार आकडे खर्ची पडताहेत. २००० सालच्या आरएफसी ३०२१ प्रमाणे दोनच टोकांच्या दुव्याला /३१ चालतो. त्यात वेगळा ब्रॉडकास्ट नसतो आणि दोन्ही आकडे होस्टच. दोन्ही टोकांना लिनक्सच आहे, तेव्हा ११२ आणि ११३ देऊन मृगाआधी हे उरकायचं आहे. ज्यांनी वायरलेस दुव्यावर /३१ चालवलाय त्यांनी आपली मांडणी जरूर कळवा.