डांबरगोळीची वाफ

कपाटात ठेवलेली पांढरी डांबरगोळी दिवसेंदिवस लहान होत जाते आणि अखेरीस तिचा मागमूसही उरत नाही. ती वितळलेली नसते. ती सहसा ज्याची बनलेली असते, त्या नॅफ्थलीनचा द्रवणांक सुमारे ८० अंश सेल्सिअस असला, तरी नेहमीच्या तापमानालाच त्याचे संप्लवन होते, म्हणजे घनरूपातून ते थेट वाफ होऊन हवेत मिसळते. या एकाच गुणधर्मात त्याचा उपयोगही आहे आणि धोकाही.

दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबरातून हा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळा करण्यात आला आणि १८२१ मध्ये जॉन किड यांनी त्याचे नामकरण केले. त्याच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे ८ अणू असून, दोन बेंझीन वलये एका सामाईक बाजूने जोडलेली असतात. कारखान्यांत त्यापासून थॅलिक अनहायड्राइड (प्लॅस्टिक उद्योगातला एक कच्चा माल), रंगद्रव्यांचे घटक आणि कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही ठेवणारी सल्फोनेट रसायने तयार होतात.

कपड्यांना कसर लागू नये म्हणून ही वाफ बंद पेटीत दाटून राहावी लागते. खोलीभर वास दरवळत असेल, तर कसरीवर पडायचा प्रभाव तेवढा कमी होतो आणि ती वाफ आपल्या श्वासात जाते, हे आवर्जून लक्षात घ्यायला हवे. शरीरात नॅफ्थलीनपासून बनणारी काही द्रव्ये तांबड्या पेशींना इजा करतात; ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटून पंडुरोग (रक्तक्षय) व कावीळ होऊ शकते. अशा गोळ्यांसोबत ठेवलेली दुपटी न धुता वापरल्याने नवजात बालके गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून बाळाच्या कपड्यांत ही गोळी मुळीच ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला मानवात कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात घातले, तर युरोपीय संघाने २००८ मध्ये अशा गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आणली.

बाजारातील प्रत्येक पांढरी गोळी नॅफ्थलीनचीच असते असे नाही. ती पॅराडायक्लोरोबेंझीनची किंवा कापराचीही असू शकते. साध्या पाण्यात कापूर तरंगतो, इतर दोन्ही बुडतात; मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात मात्र नॅफ्थलीन वर येते आणि पॅराडायक्लोरोबेंझीन तळाशीच राहते. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण कापूर पोटात गेल्यास अल्पावधीत झटके येऊ शकतात, तर नॅफ्थलीनचा रक्तावरील परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो. मुलाने गोळी गिळल्यास उलटी करवू नये. स्निग्धांशामुळे नॅफ्थलीनचे शोषण वाढत असल्याने दूधही पाजू नये. मूल वरवर ठीक दिसत असले, तरी उरलेली गोळी आणि वेष्टन घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.