आठ आणि दोनदा सहा

नेदरलँड्समध्ये मुलीकडे मी सहा आठवडे राहिले. ट्युलिपचे बगीचे, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅमच्या कालव्यातली बोटीची फेरी हे सगळे यथासांग पार पडले, त्याची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवूनही झाली, आणि त्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. लिहायचे आहे ते हारलेममधल्या एका दुपारीविषयी, कारण त्या दुपारी मला माझ्या कचेरीतले टेबल आठवले आणि त्यानंतर दोन रात्री धड झोप लागली नाही.

हारलेम ॲमस्टरडॅमपासून आगगाडीने वीस मिनिटांच्या आत येते. आम्ही आधी एका रविवारी गेलो होतो, तेव्हा जे पाहायचे त्याचे दरवाजे बंद होते आणि वाऱ्याने छत्री उलटी होण्यापलीकडे काही घडले नाही. म्हणून पुन्हा मधल्या वारी गेलो. मुलीला मला चित्रांचे संग्रहालय दाखवायचे होते. मला मात्र वाटेत लागणारे होफ्ये पाहायचे होते.

होफ्ये म्हणजे लहानसे आवार. आपल्याकडच्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणावा, फक्त चौकाभोवती एका कुटुंबाच्या खोल्या नसून एकेकट्या बाईचे एकेक घर आहे असे समजावे. मध्ये बाग, बागेत पाण्याचा पंप, आणि रस्त्याकडे उघडणारा एकच दरवाजा. एखादा श्रीमंत, पुष्कळदा निपुत्रिक माणूस मृत्युपत्रात यासाठी पैसा ठेवून जाई, त्याचे नाव दरवाजावर कोरले जाई आणि कारभार विश्वस्तांकडे सोपवला जाई. आत जागा मिळे ती बहुतेक करून गरीब, वयस्क, एकट्या बायकांना, म्हणजे विधवांना आणि लग्न न झालेल्यांना. बाई म्हातारी झाली तरी स्वतःचा स्वयंपाक आणि केरवारा स्वतः करते, तिच्यावर नोकर ठेवावा लागत नाही, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. दानातही हिशेब असतो, हे मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

या गावातले सर्वांत जुने होफ्ये १३९५ सालचे आहे. दिर्क फान बाकेनेस नावाच्या गृहस्थाच्या पैशातून ते उभे राहिले. इथे किती बायकांची सोय आहे ते दरवाजावरच्या ओळीत सरळ सांगितलेले नाही. ‘आठ आणि दोनदा सहा’ असे कोड्यात सांगितले आहे. मुलीने वाचून दाखवल्यावर मी मनातल्या मनात वीस केले आणि पुढच्या क्षणी मनात आले की एकविसाव्या बाईने ही ओळ कशी वाचली असेल. १४७२ सालचे एक होफ्ये बिअर बनवणाऱ्यांच्या संघातल्या बायकांसाठी होते. स्टेशनवरून गावात येताना लागणारे स्टाट्स यांचे होफ्ये १७३० नंतरचे, आणि टेलर यांचे १७८७ चे. या शेवटच्या दोन्ही ठिकाणी रस्त्याकडची बाजू एवढी भव्य आहे की आतली घरे पाहिल्यावर वाटते, खांब कोणासाठी उभारले आणि खोल्या कोणासाठी. माझे मत विचाराल तर दात्याचे नाव जितके मोठ्या अक्षरात, तितका मला त्या दानाचा संशय येतो; आमच्या तालुक्यातल्या धर्मशाळेच्या पंख्यांवरसुद्धा नावे होती आणि वारा मात्र लागत नसे.

मी थांबले ती मात्र प्रवेशाच्या अटींपाशी. आम्ही माहितीची एक पुस्तिका घेतली होती आणि बागेतल्या बाकावर बसून मुलगी ती मला मराठीत सांगत होती. अर्ज विश्वस्तांकडे करायचा. वय ठरावीक वर्षांच्या पुढचे हवे, कुठे पन्नास, कुठे साठ. गावात इतकी वर्षे वास्तव्य हवे. ख्रिस्ती पंथ योग्य हवा, कारण सुधारित पंथीयांचे होफ्ये वेगळे, लूथरपंथीयांचे वेगळे, मेनोनाइटांचे वेगळे, कॅथलिकांचे वेगळे. दात्याच्या नात्यातली कोणी असेल तर तिला आधी जागा. वर्तन निष्कलंक असल्याची ग्वाही हवी. अंथरूण-पांघरूण आणि सामान स्वतःचे आणायचे, आणि पुष्कळ ठिकाणी मेल्यावर ते होफ्येकडे जमा व्हायचे. त्याबदल्यात घरभाडे नाही, हिवाळ्यात जाळायला पीट, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेले मातीसारखे जळण, आणि ठरलेल्या दिवशी थोडे धान्य किंवा रोख. रात्री दरवाजा बंद. लग्न केले तर जागा गेली, भांडण केले तरी जाऊ शकत असे.

मी मुलीला म्हटले, ‘‘थांब, पुढचे मी सांगते.’’ ती हसली, कारण तिला वाटले मी गंमत करते आहे.

मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे मी संगायो शाखेत होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे अर्ज ज्या शाखेत येतात तिला कचेरीत असे म्हणतात. वयाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, त्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, रेशनकार्डाची प्रत, आणि राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा. हे सगळे लावून आलेले प्रकरण समितीपुढे जाते, आणि एखादा कागद कमी असला की त्यावर पेन्सिलीने ‘त्रुटी’ लिहून ते बाजूला ठेवले जाते. पेन्सिलीने लिहायचे, कारण पूर्तता झाली की खोडता येते. माझ्या ड्रॉवरमध्ये खोडरबर कधी संपले नाही, एवढे त्याचे काम कमी होते.

आमचा तालुका कर्नाटकाच्या सीमेवरचा. एक म्हातारी दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, यायची. जन्म आमच्याच तालुक्यातला, लग्न होऊन सीमेपलीकडच्या गावात गेली, चाळीस वर्षे तिकडे संसार केला, आणि नवरा गेल्यावर भावाच्या दारात परत आली. भाऊही नंतर गेला. तिचा अर्ज सगळ्या बाजूंनी पुरा होता, फक्त परत येऊन अकरा वर्षे झाली होती, आणि पाहिजे होती पंधरा. कागद ती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या आत, अशी आणायची आणि माझ्या टेबलाच्या कडेवर एकेक उलगडून ठेवायची, जणू मागच्या मंगळवारी मी ते पाहिलेच नव्हते. एकदा ती म्हणाली, ‘‘बाई, मी हितलीच हाय की. माजी नाळ हितंच पुरल्याली हाय.’’ त्यावर मी म्हणाले, ‘‘मावशी, नाळेचा दाखला अजून तलाठी देत नाहीत.’’

सगळी शाखा हसली. वाईट हे की तीही हसली, सगळ्यांबरोबर, तोंडाला पदर लावून. आणि कागद पुन्हा पिशवीत घालू लागली.

नियमाने मी चुकले नव्हते. आजही ते प्रकरण समोर आले तर मला त्यावर त्रुटीच लिहावी लागेल. पुढे तिने येणे बंद केले आणि मार्चअखेरच्या गडबडीत ते माझ्या लक्षातही आले नाही.

हे मुलीला सांगावे की नाही अशा विचारात मी बाकावरून उठले आणि आवारात फिरू लागले. एका घराच्या दारापाशी चिखलाने माखलेले रबरी बूट उलटे घालून ठेवले होते, खिडकीत जाळीचा अर्धा पडदा होता, आणि पडद्याच्या वरून आत पाहता येत होते. मी पाहिले. टेबलावर अर्धी कापलेली पावाची लादी आणि चष्मा होता, भिंतीवर घड्याळ. एवढ्या लहान जागेत बाई स्वयंपाक कुठे करत असेल, हे मी मान वाकवून शोधत होते, तोच चष्म्याकडे एक हात आला. सत्तरीच्या पुढची, उंच, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे पाहत होती.

ती बाहेर आली. मुलगी धावत आली आणि माझ्या वतीने माफी मागू लागली. बाई रागावून बोलली नाही, पण हसलीही नाही. तिचे म्हणणे मुलीने मला नंतर सांगितले ते असे: या घरासाठी ती सात वर्षे प्रतीक्षायादीवर होती, आता भाडे भरून राहते, फुकट नव्हे, आणि लोक बाग पाहायला येतात त्याला तिची हरकत नाही, पण पुष्कळजण खिडकीतून आत पाहतात ते तिला कळत नाही, त्यांना नेमके काय तपासायचे असते?

‘तपासणे’ हा शब्द डच भाषेत काय आहे मला माहीत नाही, पण मुलीने मराठीत तोच वापरला. अर्जदाराच्या घरी जाऊन आलेला तलाठी आम्हाला तोंडी सांगत असे: घरात गॅस आहे, टीव्ही आहे, म्हणजे बाई म्हणते तितकी निराधार नाही. एकदा एका विधवेच्या घरात मिक्सर निघाला, यावर अर्धा तास चर्चा झाली होती. मिक्सर मोडका होता आणि त्याच्या भांड्यात ती मीठ ठेवत होती, हे चर्चेच्या शेवटी कळले.

तिथून आम्ही फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाच्या संग्रहालयात गेलो. खरे तर मला परत जायचे होते, पण तिकिटे काढलेली होती आणि काढलेले तिकीट वाया घालवण्याचे धाडस मला या वयातही होत नाही. ती इमारत १६०९ साली वृद्ध पुरुषांचे आश्रयगृह म्हणून उभी राहिली. प्रवेशासाठी वय साठच्या पुढे, माणूस गावातला आणि सचोटीचा हवा; येताना त्याने पलंग, खुर्ची, कथिलाचे शौचाचे भांडे, तीन कांबळी, सहा चांगले सदरे आणि सहा रात्रीच्या टोप्या आणायच्या. ज्याच्याकडे सहा चांगले सदरे आहेत तो कितपत निराधार, असा शेरा माझ्या हातून नक्की पडला असता.

त्या आश्रयगृहाचा कारभार पाहणाऱ्या बायकांचे चित्र हाल्सने १६६४ च्या सुमारास काढले. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता आणि स्वतःच त्याच वर्षापासून नगरपालिकेच्या २०० गिल्डरांच्या (गिल्डर हे तेव्हाचे डच चलन) वार्षिक मदतीवर आणि तीन गाड्या पीटवर दिवस काढत होता. तो १६६६ साली वारला. १६७५ साली त्याच्या विधवेने, लिस्बेथने, मदतीसाठी हात पसरला आणि तिला आठवड्याला १४ स्टायव्हर मंजूर झाले. वीस स्टायव्हरांचा एक गिल्डर, म्हणजे पाऊण गिल्डरही नाही. विश्वस्त बायकांचे चेहरे कायमचे करून ठेवणाऱ्या माणसाची बायको अशा कोणापुढे तरी आपले कागद उलगडून उभी राहिली असणार. तिला किती खेपा पडल्या असतील, हे मी माझ्या अनुभवाने मोजू लागले आणि मग थांबले.

चित्रात काळ्या कपड्यांतल्या, पांढऱ्या कॉलरच्या चार विश्वस्त बायका आहेत. एकीचा तळहात उताणा आहे. तो देणारा की ‘आमच्याकडे काही नाही’ असे सांगणारा, ते कळत नाही. मी त्या चौघींत स्वतःला शोधत होते, कारण सकाळपासून मी स्वतःला त्यांच्या बाजूचीच समजत होते. पण त्या चौघी समितीच्या सदस्य होत. उजवीकडे मागे पाचवी उभी आहे, त्यांची सेविका, आत काही निरोप घेऊन आलेली. दारापाशी कोण आले आहे हे फक्त तिलाच माहीत आहे, आणि आत काय सांगायचे, कोणत्या स्वरात सांगायचे, हेही तिच्याच हातात आहे. मी तिच्यासमोर इतका वेळ उभी राहिले की पहारेकऱ्याने दोनदा माझ्याकडे पाहिले.

परतताना वाटेतल्या एका दुकानात त्या चित्राचे पोस्टकार्ड होते. मी ते घ्यायला हातात घेतले, पण कार्डाच्या आकारात बसवण्यासाठी चित्राची उजवी कड कापलेली होती आणि पाचवी बाई त्यातून गेली होती. मी ते परत जागेवर ठेवले. मुलगी म्हणाली, ‘‘आई, अगं घे ना, दीडच युरो तर आहे.’’